घडीच्या चाकूची मूठ: जी-१०, मायकार्टा की कार्बन फायबर?

अडकित्ता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

हाताशी असलेल्या एका घडीच्या चाकूला नव्या पट्ट्या बसवायच्या आहेत. पातं साधारण ८० मिमी, मूठ ११० मिमी, आत दोन्ही बाजूंना स्टीलचे लायनर (पट्टीखालचे पातळ पत्रे) आणि लायनर-लॉकचा खटका (लायनरमधूनच कापलेली स्प्रिंग उघडलेलं पातं अडवते). सध्याच्या पट्ट्या लाकडी आहेत. त्यातल्या एकीला पिव्हटपाशी, म्हणजे पातं ज्या स्क्रूवर फिरतं तिथे, तडा गेलाय आणि दमट हवेत लाकूड फुगून स्क्रूच्या आसपास वर उचललं जातं. त्यामुळे लाकूड आता नको, कंपोझिटच घ्यायचं, इथपर्यंत पक्कं आहे.

पुढचं मात्र ठरत नाही. वाचायला बसलं की प्रत्येक जण आपल्या लाडक्या मटेरियलची आरती ओवाळतो आणि दुसऱ्याच्या मटेरियलला नावं ठेवतो. जी-१०, मायकार्टा आणि कार्बन फायबर ही तीन नावं सारखी समोर येतात.

काम फार जड नाही: दोर कापणं, खोकी फोडणं, बागेतलं किरकोळ. हाताला घाम मात्र भरपूर येतो. हत्यारं म्हणाल तर ड्रिल स्टँड, हॅकसॉ, कानशी आणि पॉलिश पेपर. बेल्ट ग्राइंडर नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रंधा_आणि_कानस

आधी एक सांगा, काम कुठे करणार? उघड्यावर की खोलीत? आणि मास्क कुठला आहे? या तिन्ही मटेरियलची धूळ लाकडाच्या भुशासारखी झटकून मोकळं होण्यातली नाही. बाकीचं नंतर बोलू.

थरावर_थर

चांगला विषय. मूळ गोष्ट अशी की ही तिन्ही एकाच कुळातली आहेत. कापडाचे किंवा कागदाचे थर रेझिनमध्ये (राळेसारख्या चिकट द्रवात) भिजवायचे, एकावर एक रचायचे आणि गरम प्रेसमध्ये दाबून घट्ट करायचे. एकदा पक्कं झालेलं रेझिन पुन्हा वितळत नाही. फरक पडतो तो आत कापड कशाचं आणि रेझिन कुठलं यावर.

जी-१० म्हणजे काचतंतूचं विणलेलं कापड आणि इपॉक्सी. तुमच्या रेडिओतला, फोनमधला सर्किट बोर्ड ज्या एफआर-४ चा असतो तो याचाच सख्खा भाऊ, फक्त त्यात आग लवकर पकडू नये अशी सोय केलेली असते. पाणी जवळपास पीत नाही, तेलाने-घामाने बिघडत नाही, आकार बदलत नाही. घनता १.८ ते १.९ (सगळीकडे ग्रॅम प्रति घन सेंमी).

मायकार्टा म्हणजे कॅनव्हास, लिनन किंवा कागद, आणि सोबत फिनॉलिक रेझिन. आपल्याकडे जुन्या वर्कशॉपमध्ये ज्याला हायलम किंवा बेकलाइट शीट म्हणतात ते हेच. चाकूवाल्यांसाठी म्हणून जी रंगीत शीट विकली जाते आणि पॅनेलमध्ये इन्सुलेशनला जी तपकिरी शीट लागते, त्यांच्यात गुणाने फार अंतर नसतं. इन्सुलेशनच्या शीटवर सीई किंवा एलई असं दिसलं तर अनुक्रमे कॅनव्हास आणि लिनन समजा. एक्स, एक्सएक्स म्हणजे कागद. घनता १.३५ ते १.४. हे थोडं पाणी पितं, थोडं तेल पितं आणि वापराने काळवंडतं. कुणाला तो दोष वाटतो, कुणी त्यासाठीच घेतं.

कार्बन फायबर म्हणजे कार्बनचं कापड आणि बहुतेक वेळा इपॉक्सी. घनता १.५५ ते १.६. ताठरपणात बाकी दोघांच्या कितीतरी पुढे. घेताना कड बघा. बरंच "कार्बन" हे वरून कार्बनचा पातळ थर आणि आत काळं जी-१० असं असतं. त्यात वाईट काही नाही, पण तासून गोलाई दिली की कडेला वरचा थर संपतो आणि खालचं जी-१० उघडं पडतं. आरपार कार्बन असेल तर तासलेल्या उतारावरही वीण दिसत राहते.

तुमच्या चाकूला स्टीलचे लायनर आहेत, म्हणजे खटक्याची स्प्रिंग आणि सगळा ताण त्यांच्यावर. पट्टीला फक्त हातात नीट बसायचंय आणि स्क्रूखाली चिरडायचं नाही. एवढी हलकी नोकरी असेल तर तिन्हींपैकी कुठलंही चालतं. मटेरियल कुठलं यापेक्षा त्याचा पृष्ठभाग कसा ठेवता हे जास्त महत्त्वाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हलकंफुलकं

माझं मत कार्बनला. चाकू खिशात जाणवलाच नाही पाहिजे. एकदा कार्बनची मूठ हातात घेतली की बाकीचं सगळं वीट वाटतं. वजनात कार्बनच्या जवळपासही कुणी येत नाही.

थरावर_थर

@हलकंफुलकं, या शेवटच्या वाक्यावर मात्र आक्षेप आहे. हिशेबच मांडू.

धागाकर्त्याच्या मापाची पट्टी धरा: ११० लांब, २४ रुंद, ३.२ मिमी जाड. दोन पट्ट्यांचं मिळून आकारमान साधारण १७ घन सेंमी. गोलाई आणि भोकं वजा केली की १४ च्या आसपास उरेल. आता घनतेने गुणा. जी-१० चे होतात २६ ग्रॅम, कार्बनचे २२ आणि मायकार्टाचे १९. म्हणजे त्याच मापात मायकार्टा कार्बनपेक्षा हलका! टायटॅनियमच्या असत्या तर ६२ ग्रॅम, ॲल्युमिनियमच्या ३८.

कार्बनचा खरा फायदा त्याच्या ताठरपणात आहे. तो पातळ वापरता येतो, लायनर काढून टाकता येतात. पण धागाकर्त्याचा चाकू लायनर-लॉक आहे, लायनर जाणार कुठे? वजन बसलंय तेही तिथेच. १.२ मिमी जाडीचे स्टीलचे दोन भरीव लायनर ४० ग्रॅमच्या घरात जातात. लायनरच्या मधल्या भागात भोकं पाडून तो पोकळ केला तर १५-२० ग्रॅम सहज वाचतील. पट्टीच्या मटेरियलवर चार ग्रॅमसाठी डोकेफोड करण्यात काय हशील? (खटक्याची पट्टी ज्या लायनरमधून कापलेली असते त्याला हात लावताना मात्र दहा वेळा विचार करा. तिच्या मुळाशी धातू कमी केला की स्प्रिंगचा दाबच बदलतो.)

हलकंफुलकं

हिशेब मान्य. देखणेपणात मात्र कार्बनच. :)

थरावर_थर

त्यावर वाद नाही. उन्हात ट्विल विणीवर जी तिरपी चमक सरकते ती बाकी दोघांत नाहीच.

अडकित्ता

हे भारीच. मी वजनासाठीच कार्बनकडे झुकलो होतो. आता एक प्रश्न. लायनर नसलेले, नुसत्या जी-१० चे चाकूही पाहिलेत. ते वाकत नाहीत का?

थरावर_थर

वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. स्टील जी-१० पेक्षा साधारण दसपट ताठर, पण १.२ मिमी स्टीलसमोर ३.२ मिमी जी-१० ठेवा. जाडीचं गुणोत्तर पावणेतीनपट, त्याचा घन एकोणीसच्या आसपास. म्हणजे जाड जी-१० ची पट्टी त्या पातळ स्टीलच्या लायनरपेक्षा ताठर भरते! बॅक-लॉकच्या (खटका मुठीच्या पाठीवर असलेल्या) चाकूत नुसतं जी-१० म्हणूनच निभावतं. कॅनव्हास मायकार्टाचा ताठरपणा जी-१० च्या निम्म्याहून कमी, त्यामुळे तिथे लायनर हवेत किंवा पट्टी जाड हवी.

लायनर नसताना खरी कुरकुर सुरू होते ती पिव्हटपाशी. स्क्रू आवळला की मटेरियल दबतं आणि पातं जड चालतं, सैल केला की पातं डुलतं. म्हणून तिथे धातूची बुशिंग बसवतात, म्हणजे स्क्रूचा दाब बुशिंग घेते आणि पातं मोकळं फिरतं.

गंजोबा

कार्बनबद्दल एक गोष्ट कुणीच बोललं नाही. कार्बन वीज वाहून नेतो. ओलं मीठ मध्ये आलं, म्हणजे घाम किंवा समुद्राचं पाणी, की कार्बन आणि शेजारचा धातू मिळून छोटी बॅटरीच तयार होते. त्यात झिजतो तो धातू. ॲल्युमिनियमचं सगळ्यात वाईट, पांढरी भुकटी सुटायला लागते. स्टेनलेस बऱ्यापैकी तग धरतं, पण पट्टी आणि लायनर यांच्या फटीत घाम साचून राहिला तर तिथे ठिपके पडू शकतात. लायनर साध्या कार्बन स्टीलचे असतील तर विचारूच नका. टायटॅनियम आणि कार्बन मात्र गुण्यागोविंदाने नांदतात.

उपाय सोपा आहे. मध्ये ०.५ मिमी जी-१० चा पातळ थर घाला, काच वीज नेत नाही. विमानांतही कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये काचतंतूचा थर घालतात तो याच कारणाने.

@अडकित्ता, हाताला घाम येतो म्हणालात म्हणून लिहिलं. लायनर कुठल्या स्टीलचे आहेत?

अडकित्ता

स्टेनलेस म्हणून सांगितलं होतं. अजून तरी गंज दिसलेला नाही.

मुठीत_मावेल_ते

आता पकडीबद्दल बोलते, कारण घाम हाच खरा प्रश्न आहे.

"जी-१० ची पकड जबरदस्त" हे वाक्य सगळीकडे सापडतं आणि ते अर्धंच खरं आहे. जी-१० ८०० च्या पेपरपर्यंत (आकडा मोठा तितका पेपर बारीक) घासून बफ केलं तर काचेसारखं गुळगुळीत होतं आणि घामाच्या हातातून निसटतं. तेच मशीनने खाचा पाडून किंवा सँडब्लास्ट करून ठेवलं तर कानशीसारखं चावतं. मटेरियल एकच, स्वभाव दोन. ज्यांची पकड जबरदस्त म्हणून नाव निघतं ते सगळे दुसऱ्या प्रकारातले.

खरखरीत जी-१० चा एक त्रास चाकू खिशाला लावल्याशिवाय कळत नाही. क्लिप आणि पट्टी यांच्यामध्ये खिशाचं कापड दाबलं जातं, आणि दर वेळी चाकू काढताना ती कड घासून घासून विरते. मग जीनसारखं जाड कापडही टिकत नाही. त्यावर इलाज म्हणजे क्लिपच्या टोकाखालचा तेवढाच भाग ६०० च्या पेपरने गुळगुळीत करायचा. बाहेरून दिसतही नाही. बाकीची पट्टी चावरी राहू द्या.

कॅनव्हास मायकार्टा याच्या नेमका उलटा वागतो. २२० किंवा ३२० पर्यंत घासून, पॉलिश न करता, तसाच सोडला तर कापलेल्या सुतांची टोकं पृष्ठभागावर उघडी राहतात. भिंगातून पाहिलंत तर रेझिनच्या मधूनमधून सुताचे मऊ ठिपके दिसतील. ओलं झालं की ही टोकं पाणी पिऊन किंचित उभी राहतात, म्हणून ओल्या हातात हा कोरड्यापेक्षा चांगला धरला जातो. काचेला हे जमत नाही. पण हौसेने ८००, १००० करत बफिंग केलंत की हा गुण गेला. मग तो दिसतो सुंदर आणि लागतो बुळबुळीत.

लिनन त्याच जातीचं, वीण बारीक, पकड थोडी कमी, दिसायला जास्त नेटकं. कागदाचा मायकार्टा गुळगुळीतच असतो. दिखाऊ चाकूला ठीक, घामाच्या हाताला नको.

कार्बनला दोन टोकं आहेत. चकचकीत केला तर आरसा आणि ओल्या हातात साबण. मॅट ठेवला तर बरा, पण मायकार्टाची सर नाही.

आणि घाम म्हणजे मळसुद्धा. कच्चा मायकार्टा तो पितो, मूठ महिन्याभरात काळपट दिसू लागते. जुना टूथब्रश आणि भांड्याचा साबण घेऊन घासला की बराच उजळतो. सगळीकडे सारखाच काळवंडावा असं वाटत असेल तर सुरुवातीलाच खनिज तेलाचा हात फिरवून रात्रभर ठेवा, सकाळी पुसून टाका.

अडकित्ता

@मुठीत_मावेल_ते ताई, क्लिपखालची युक्ती लाखमोलाची. सध्याच्या पँटच्या खिशाची अवस्था बघवत नाही.

साचेबंद

तिघांच्या भांडणात चौथा राहिलाच. काचतंतू घातलेलं नायलॉन. झायटेल, ग्रिव्होरी ही त्याचीच व्यापारी नावं. कारखान्यात बनणाऱ्या कामाच्या चाकूंत हेच ढिगाने वापरतात. खाली पडलं तर फुटत नाही, टवका उडत नाही, साच्यातून निघतानाच खाचा, नक्षी, स्क्रूची बैठक सगळं घेऊन निघतं. हातात जरा प्लास्टिकसारखं पोकळ लागतं म्हणून लोक नाक मुरडतात. त्या नाक मुरडण्यात फार तथ्य नाही.

याच्यातले काचेचे धागे आखूड तुकड्यांचे असतात, विणलेलं कापड नसतं. म्हणून ताठरपणा जी-१० पेक्षा कमी. मूठ दोन बोटांत दाबली की लवते. आणि नायलॉन हवेतलं पाणी पितं. काच न घातलेलं नायलॉन-६६ पूर्ण भिजलं तर वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पाणी घेतं. काच घातली की हे प्रमाण बरंच कमी होतं, तरी शून्य होत नाही. गंमत अशी की थोडं पाणी प्यायलेलं नायलॉन कोरड्यापेक्षा चिवट असतं.

रंधा_आणि_कानस

@साचेबंद, सगळं बरोबर, पण साचा आणि इंजेक्शन मशीन नसेल तर धागाकर्त्याच्या काय कामाचं? नायलॉनची शीट घासायला घ्या, पेपरखाली वितळून तंतू निघतात, कड स्वच्छ येतच नाही.

साचेबंद

ते खरं. तयार चाकू घेणाऱ्यांसाठी लिहिलं. धागा वाचणारे सगळेच काही कानस घेऊन बसलेले नसतात.

रंधा_आणि_कानस

आता माझ्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, कारण धागाकर्त्याने तो सफाईदारपणे टाळलाय.

जी-१० घासताना काचेचे बारीक तुकडे आणि इपॉक्सीची भुकटी उडते. अंगाला लागली की खाज सुटते, मनगटावर आणि मानेवर जास्त. कार्बनचे तुकडे सुईसारखे असतात, बोटात गेले की काळ्या रंगामुळे दिसतात पण निघत नाहीत. शिवाय त्याची धूळ वीजवाहक आहे, ड्रिलच्या मोटरीत किंवा शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये शिरली तर शॉर्ट होऊ शकतं. मायकार्टा त्यातल्या त्यात सौम्य, पण तापला की फिनॉलचा उग्र वास येतो, थोडं फॉर्मल्डिहाइडही सुटतं. तो वास आला की समजायचं, पेपर बोथट झालाय किंवा आपण फार जोरात घासतोय.

तुमच्याकडे बेल्ट ग्राइंडर नाही हे उलट बरंच झालं. हाताने, पाण्यात भिजवून, वॉटर पेपरवर घासा. धूळ उडतच नाही, पाण्यात बसते. ते पाणी वाळू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्या, नाहीतर वाळल्यावर तीच धूळ पुन्हा हवेत. कापताना आणि भोक पाडताना मास्क हवाच, निदान एन-९५, जमल्यास पी-१०० ची काडतुसं लावलेला रबरी. कापडी रुमाल बांधून काही होत नाही. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवू नका.

हलकंफुलकं

काका, इतकं घाबरवू नका हो. दोन पट्ट्या तर करायच्यात. कारखान्यात वर्षानुवर्षं माणसं हे काम करतात. आणि काचतंतू म्हणजे काही ॲस्बेस्टॉस नव्हे.

गंजोबा

@हलकंफुलकं, शेवटचा मुद्दा तेवढा बरोबर आहे. कर्करोगावर काम करणाऱ्या आयएआरसी या संस्थेच्या २००२ च्या खंडात अखंड काचतंतू गट ३ मध्ये आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो असं ठरवण्याइतका पुरावा नाही. जी-१० मधलं कापड याच काचतंतूचं. तो ॲस्बेस्टॉससारखा उभा चिरत जात नाही, आडवा तुटतो.

पण गट ३ म्हणजे निर्धोक असा शिक्का नव्हे. शिवाय धुळीत नुसती काच नसते, रेझिनही असतं, आणि इपॉक्सीची ॲलर्जी एकदा बसली की जन्माची सोबत. दोन पट्ट्या असोत की दोनशे, ओलं घासायला जास्तीचं काहीच लागत नाही. मग कोरडं घासायचंच कशाला?

पानगळ

बराच वेळ नुसती वाचतेय. छान चाललाय धागा.

अवांतर: मायकार्टाचा इतिहास मजेशीर आहे. बेकलंड यांना बेकलाइटचं पेटंट १९०९ मध्ये मिळालं. त्यानंतर लगेच, १९१० च्या सुमारास, वेस्टिंगहाऊसने कागद आणि कापड त्या रेझिनमध्ये दाबून विजेच्या यंत्रांसाठी इन्सुलेशन बनवायला घेतलं, तेच मायकार्टा. तिथलेच दोन इंजिनिअर, ओ'कॉनर आणि फेबर, बाहेर पडले आणि १९१३ मध्ये त्यांनी फॉर्मिका कंपनी काढली. टेबलावरचा सनमायका आणि चाकूची मूठ एकाच घराण्यातली निघतात ती अशी. विमानांचे पंखेही मायकार्टाचे बनायचे. चाकूवाले या सगळ्यात फार उशिरा आले.

आणि एक शंका. जुन्या जीनच्या कापडाचा मायकार्टा घरी करता येतो म्हणतात. कुणी केलाय?

मुठीत_मावेल_ते

मी करते, आणि सोपं आहे असं अजिबात म्हणणार नाही.

घरी होतो तो खऱ्या अर्थाने मायकार्टा नाहीच, कारण फिनॉलिक रेझिनला लागणारी उष्णता आणि दाब घरी देता येत नाही. आपण वापरतो ते इपॉक्सी. म्हणजे जीन आणि इपॉक्सीचं लॅमिनेट. दिसायला सुरेख, निळ्या-पांढऱ्या रेषांचं. पण तेल लावून काळवंडत नाही, आणि जोरात घासून तापवलं की चिकट होऊन पेपर भरून टाकतं.

कापड धुऊन पूर्ण वाळवलेलं हवं, स्टार्च आणि ओल दोन्ही नकोत. शिवण कापून टाका, नाहीतर तिथे जाडी वाढून आजूबाजूला दाबच पोचत नाही. रेझिन सावकाश घट्ट होणारं घ्या. पाच मिनिटांत आवळणारं घेतलंत तर चौथ्या थरालाच भांड्यात धूर निघेल. प्रत्येक थर वेगळा भिजवायचा, दोन्ही बाजूंनी, कापडाचा रंग गडद होईपर्यंत. कोरडे थर रचून वरून रेझिन ओतलं की मध्ये कोरडे पट्टे राहतात आणि नेमके गोलाई देताना उघडे पडतात. मग प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून दोन सपाट फळ्यांमध्ये क्लॅम्पने आवळा. दाब सगळीकडे सारखा हवा, पण जास्तीचं रेझिन निघून थर कोरडे पडतील इतका नको. फळ्यांच्या मध्ये दोन्ही टोकांना हव्या त्या जाडीचे ठोकळे ठेवले की ही काळजी मिटते.

दुसऱ्या दिवशी क्लॅम्प काढा, पण कापायची घाई नको. आठवडाभर पडू द्या. अर्धवट पिकलेल्या इपॉक्सीची धूळ पक्क्या इपॉक्सीपेक्षा जास्त त्रास देते. आणि हातमोजे नायट्राइलचे.

अडकित्ता

जीनचा मोह होतोय, पण पहिल्या खेपेला तयार शीटच घेईन. कॅनव्हास मायकार्टा, ३.२ मिमी, मॅट. काम गॅलरीत, ओलं घासून, मास्क लावून (रंधाकाका, ऐकलंय).

आता भोकांचं सांगा. जुन्या पट्टीवरून आखून घेतलं तर चालेल ना?

रंधा_आणि_कानस

आखून नको. जुनी पट्टी नव्या शीटवर दुहेरी चिकटपट्टीने डकवा आणि तिच्या भोकांतूनच ड्रिल घाला. तुमची एक पट्टी तडकलीये, तेव्हा दुसरीवरून दोन्ही पाडा, दुसऱ्या वेळी उलटी करून. आधी पिव्हटचं भोक, त्यात घट्ट बसणारी पिन घालून पट्टी जागेवर धरा, मग बाकीची. खाली लाकडाचा भरीव तुकडा घट्ट दाबून ठेवा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना शेवटचा थर उचकटून टवका काढतं. मायकार्टाला साधा एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचा) ड्रिल बिट पुरतो. जी-१० आणि कार्बनला तो काही भोकांतच बोथट होतो, तिथे कार्बाइड लागतो.

दोन पट्ट्या एकमेकींना पिनांनी जोडून बाहेरचा आकार एकदमच काढा. गोलाई मात्र वेगवेगळी. कॅनव्हासचे थर गोलाईवर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे उमटतात. दोन्ही पट्ट्यांवर त्या सारख्या आल्या तर काम नेटकं दिसतं, तिरप्या आल्या की कुठे जास्त घासलं गेलं ते लगेच कळतं.

जाडीवर लक्ष ठेवा. शीटवर ३.२ लिहिलेलं असलं तरी व्हर्नियरने मोजा. पिव्हटची लांबी ठरलेली असते. पट्टी एक-दोन दशांश मिमीने जाड झाली की पिव्हटचा स्क्रू पुरेसे आटे धरत नाही, पातळ झाली की आवळूनही पातं सैल. जाड असेल तर आतल्या बाजूने काचेवर वॉटर पेपर चिकटवून सपाट घासून आणा. बाहेरून कमी केलंत तर सगळी गोलाई बिघडेल.

अडकित्ता

समजलं. शेवटचं: पट्टीचे छोटे स्क्रू निमुळत्या डोक्याचे आहेत. तसेच ठेवू का सपाट डोक्याचे घेऊ?

थरावर_थर

बदलता येत असतील तर सपाट बुडाचे घ्या. निमुळतं डोकं आवळलं की पाचरीसारखं बाहेरच्या बाजूला ढकलतं, आणि थरांच्या मटेरियलला नेमकं तेच सोसत नाही. भोक कडेच्या जवळ असेल तर तडा तिथूनच जाईल. सपाट डोकं खालच्या दिशेने दाबतं. दोन्हीत भोकाचा मध्य कडेपासून निदान भोकाच्या व्यासाच्या दुप्पट आत ठेवा.

लायनरमधल्या आट्यांमुळे जुनेच वापरावे लागले तर काउंटरसिंकचा, म्हणजे डोकं बसायच्या निमुळत्या खड्ड्याचा, कोन तपासा. मेट्रिक स्क्रूचं डोकं ९० अंशांचं असतं, इंचाच्या मापातल्याचं बहुधा ८२. कोन जुळला नाही तर डोकं फक्त एका बारीक वर्तुळावर टेकतं, सगळा दाब तिथेच येतो आणि मायकार्टात खड्डा पडून स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होत राहतो. आवळायला छोटा टॉर्क्स ड्रायव्हर दोन बोटांत धरायचा, मुठीत नाही. आट्यांना निळं लॉकिंग लिक्विड टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच, आणि पिव्हटला लावताना वॉशरपर्यंत ओघळणार नाही हे बघा.

अडकित्ता

स्क्रू मोजले, एम-२ (२ मिमीचे मेट्रिक) निघाले. म्हणजे ९० अंश. सपाट डोक्याचे एम-२ मिळतात का बघतो, पट्ट्या झाल्या की इथेच फोटो टाकेन.

रंधा_आणि_कानस

फोटोत मास्कही दिसू द्या.